हान दरबारचा वकील शारजात

दुबईहून परतल्यापासून गावात जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. सोनं आणलंत का, आणि तिकडे उकाडा फार असतो का. उकाडा फार असतो. सोनं आणलं नाही. इतिहासाच्या मास्तराला सोनं कोण देतो! मी खजूर आणले, बायकोला अत्तराची एक बाटली आणली ती बोटीवरच फुटली, आणि हसनचाचांना परत आणलं. खजूर संपले. हसनचाचा खालच्या मोहल्ल्यात आपल्या ओटीवर एकटे बसलेले असतात. शाळेत जाताना त्यांच्या दारावरून जावं लागतं, तेव्हा ऊन असो नसो, मी छत्री त्या बाजूला कलती धरतो. असं का, ते सांगायला तोंड नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

जायचं कारण चीन. हो, चीनच! सीमेवरच्या लढाईनंतर आपल्याकडे जो तो चीनविषयी बोलू लागला आणि कुणालाच धड काही माहीत नव्हतं. मला थोडं माहीत होतं. चीनच्या जुन्या हान घराण्याचा मला कित्येक वर्षांचा नाद आहे. बायको त्याला खूळ म्हणते. त्या घराण्यानं फुटकं राज्य कसं सांधलं, आणि उत्तरेच्या सरहद्दीवरून धाडी घालणाऱ्या घोडेस्वारांना कसं तोंड दिलं, यावर मी गावोगाव व्याख्यानं झोडत होतो. त्यातलं एक अब्बासशेठनी ऐकलं. अब्बासशेठ आमच्याच गावचे कोकणी मुसलमान, दुबईत देऱ्याला त्यांचं कापडाचं दुकान. रजेवर आले होते. म्हणाले, “गुरुजी, हे आमच्या तिकडच्या लोकांना सांगा की. आम्ही नुसता रेडिओ ऐकतो आणि घाबरतो.” माझ्या जाण्यायेण्याची सगळी सोय त्यांनी केली. मी फुशारलो. परदेशात व्याख्यान! निघण्याआधी आठवडाभर मी ओळख नसलेल्या माणसांनासुद्धा ही बातमी सांगत होतो.

देरा

दुबईला बोट धक्क्याला लागत नाही. ती दूर समुद्रात उभी राहते आणि उतारूंनी शिडीवरून खाली हिंदकळणाऱ्या पडावात उतरायचं. उतरताना माझी एक चप्पल समुद्राला अर्पण झाली. पडावातल्या खलाशानं तिच्याकडे पाहून “खलास!” म्हटलं. मला आलेला तो पहिला अरबी शब्द. पुढचे दोन दिवस मी अब्बासशेठच्या चपला फटफटवत हिंडलो. त्या मला मोठ्या होत होत्या.

गावाच्या मधोमध खाडी. या काठाला देरा, पलीकडे दुबई, आणि मध्ये होड्यांची ये-जा. आपल्या दाभोळच्या तरीवर असते तशीच गर्दी, फक्त इथे बोकड आणि शेख शेजारी शेजारी उभे. घरांच्या डोक्यावर वारा पकडायचे चौकोनी मनोरे. त्यांच्याखाली बसलं की खरोखरच गार झुळूक अंगावर येते. गोडं पाणी गाढवावरून डब्यातून येतं आणि ते वापरताना माणसं तूप वापरावं तसं वापरतात. मी पहिल्या सकाळी आंघोळीला बसलो आणि सवयीनं तांब्यावर तांब्या ओतले. बाहेर आलो तर अब्बासशेठच्या बायकोनं रिकाम्या पिंपावर झाकण ठेवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती लाज साधी होती, संध्याकाळपर्यंत विसरलो.

बाजारात नोटा आपल्याच रुपयांच्या, रंग तेवढा निराळा. हिंदीत बोललं की काम होतं, आणि चार दुकानं ओलांडली की कुणीतरी गल्ल्यावरून हाक मारतं, “कुठले पाव्हणे? चिपळूणकडचे काय?”

व्याख्यान दुकानाच्या माडीवर झालं. कापडाच्या गठ्ठ्यांवर चाळीसेक माणसं बसली होती. बहुतेक रत्नागिरी-कुलाब्याच्या किनाऱ्यावरची. मी रंगात आलो. हानांचा पहिला बादशहा मुळात गावच्या चौकीवरचा किरकोळ अंमलदार, दारूचा शौकीन. त्यानं बंड करून गादी मिळवली, ज्या दोस्तांनी मदत केली त्यांना मुलुख वाटले, आणि मग एकेकाला काही ना काही कारण काढून उडवलं. त्यांच्या जागी आपले भाऊ, आपली पोरं बसवली. पुढे या भाऊबंदांच्या वंशजांनीच बंड केलं! तेव्हा पणतूनं काय युक्ती काढली? फर्मान सोडलं की, कुठलाही राजा मेला की त्याचा मुलुख एकट्या थोरल्याला नाही, सगळ्या मुलांना वाटून मिळेल. केवढी दया! दोनतीन पिढ्यांत एकेका राज्याचे तुकडे तुकडे. तलवार उपसावी लागली नाही.

“म्हणजे आमच्या पेढ्यांसारखंच,” अब्बासशेठ मोठ्यानं म्हणाले. “वाटण्या झाल्या की खलास!”

माडी हसली. मग मी उत्तरेकडे वळलो. तिथल्या घोडेस्वारांनी पहिल्या बादशहाला भर हिवाळ्यात डोंगरावर कोंडला. थंडीनं शिपायांची बोटं गळून पडली. शेवटी शत्रूच्या राणीला नजराणे पोचवून कसाबसा सुटला. त्यानंतर हानांनी लढाईचा नाद सोडून दिला आणि दर साल रेशीम, तांदूळ, दारू पाठवायला सुरुवात केली. शिवाय घराण्यातली एखादी मुलगी राजकन्या म्हणून तिकडच्या सरदाराला द्यायची. अशाच एका मुलीसोबत दरबारच्या जनानखान्यावरच्या एका खोजाला जबरदस्तीनं धाडलं. तो जायला तयार नव्हता. तो बजावून गेला की, मला पाठवाल तर पस्तावाल. आणि तिकडे जाऊन तो त्या घोडेस्वारांचाच सल्लागार झाला!

पुढे हान दरबारचा एक वकील, म्हणजे राजदूत, तिकडे गेला. त्यानं नाक मुरडलं: काय तुमचे हे लोक, चांगलंचुंगलं तरण्यांना खायला घालतात आणि म्हाताऱ्यांना उरलंसुरलं! खोजानं उलट विचारलं, तुमची पोरं सरहद्दीवर पहाऱ्याला निघतात तेव्हा त्यांचे म्हातारे आईबाप अंगावरचा गरम कपडा आणि ताटातला चांगला घास त्यांनाच देतात ना? इथे प्रत्येक माणूस सरहद्दीवरच आहे. लढणारा जगला तर म्हातारा जगेल.

माडीवर असा टाळ्यांचा कडकडाट झाला की खालून गिऱ्हाइकं वर बघायला आली. एक म्हातारे दुकानदार डोळे पुसत म्हणाले, “माझ्या आईनं मला बोटीवर चढवताना तिच्या अंगावरची गोधडी दिलीन. ती त्या साली थंडीत काय पांघरली असेल, मी कधी विचारलंच नाही.” सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता लतीफ, शारजाचा लँडरोव्हरवाला. तो मला दुसऱ्या दिवशी न्यायला आला होता. मला वाटलं, काय बोललो मी! शब्द कानात पुन्हा पुन्हा घोळवत झोपलो. तो किस्सा त्या माणसांना समजला होता. मला फक्त पाठ होता.

शारजा

शारजाला माझा जुना विद्यार्थी युसुफ राहतो. चार यत्ता माझ्या हाताखाली होता. हुशार, पण बुजरा. मी रागावलो की कान लाल व्हायचे आणि मी सांगेन ते अक्षरशः करायचा. एकदा मी चिडून म्हटलं, “बाहेर उभा राहा,” आणि नंतर विसरूनच गेलो, तर शाळा सुटेपर्यंत बाहेर उभा होता. हे मला आठवायला हवं होतं.

देऱ्याहून शारजाला रस्ता असा नाही. वाळू आणि मिठाची चिखलट जमीन, त्यावर आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या. लँडरोव्हर दोनदा रुतली. दुसऱ्यांदा मीही ढकलायला उतरलो आणि अब्बासशेठची चप्पल चिखलात बसली ती हातानं उकरून काढावी लागली. लतीफ हसून हसून लोळायचा बाकी राहिला. “यल्ला, चला गुरुजी, हानांची फौज आली!” मला तो आवडला.

युसुफ, लतीफ आणि आणखी दोघं गावाकडचेच, असे चौघं खाडीजवळ खजुरीच्या झावळ्यांच्या घरात राहतात. लतीफ सोडून तिघं बांधकामावर. दिवसभर उन्हात दगड-चुना वाहून भिंती चढवायच्या. आणि घर सांभाळायला युसुफचे वडील, हसनचाचा. बायको वारली, गावी घर ओस पडलं, म्हणून लेकानं बापाला बोलावून घेतलं होतं. मी गेलो तेव्हा चाचा चुलीपुढे उकिडवे बसून मासा तळत होते. मला बघून उठले, दोन्ही हात हातात घेतले. “पोरांनो, गाव आला, गाव!” असं ओरडले. इतका आनंदी म्हातारा मी आमच्या गावात पाहिलेला नाही.

शुक्रवार होता. नमाज आटपून सगळे आले आणि जेवायला बसले. मला वेगळं ताट, चौघांना मिळून एक मोठी परात. हमूर नावाचा तिथला मासा, त्याला गावाहून आलेल्या कोकमाचा आंबटपणा. काय चव होती म्हणून सांगू! चाचा वाढत होते. मधल्या जाड तुकड्या पोरांच्या बाजूला सारत होते, “तू खा, उद्या स्लॅबचं काम हाय” म्हणत. स्वतः बसले नाहीत. पोरांचं झालं, ती उठली, आणि मग चाचांनी तीच परात पुढे ओढली. कडेचा भात, शेपटाचा काटा आणि पातेल्याच्या तळाची आमटी. तेवढ्यावर बोटं फिरवत जेवू लागले.

माझं डोकं फिरलं. मास्तराचं डोकं फिरायला वेळ लागत नाही.

“युसुफ!” मी ओरडलो. वर्गातला आवाज. तो हात धुवायला निघाला होता, जागीच थांबला. “हे रोज असंच चालतं? बापाला चुलीपाशी बसवलंस, आणि वर उष्टं खायला घालतोस? हेच शिकवलं का मी तुला? गावात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील!”

युसुफचे कान लाल झाले. बाकीची पोरं खाली बघू लागली. चाचा मात्र हसले, जसं एखाद्या लहान मुलाच्या बोलण्याला हसावं. “हे माझ्या मर्जीनं चाललंय, गुरुजी. पोरं उन्हात मरतात. मी सावलीत बसून भाताकडं बघतो. मला कशाला मोठी तुकडी? ते धड राहिले तर मी राहीन.”

लतीफचा चेहरा उजळला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. “गुरुजी, हेच तर तुमी काल माडीवर सांगितलंत! त्या खोजाचं बोलणं! आणि तो वकील म्हणजे आज तुमी!”

हसून मोकळं व्हायची केवढी सोपी वाट त्यानं करून दिली होती. पण चार पोरांसमोर, ज्यातल्या एकाला मी शिकवलेलं! मी म्हणालो, “ते चीनचं झालं. आपल्यात हे चालत नाही.”

“आपल्यात?” चाचांनी अगदी सरळ मनानं विचारलं. “तुमच्याकडं वहिनी कधी जेवतात?”

“ती गोष्ट वेगळी,” मी म्हणालो.

वर्गात असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता. आणि माझ्या ताटात त्या वेळी मधल्या तीन तुकड्यांचे काटे पडले होते. मी भरल्या तोंडानं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर चूल युसुफनं पेटवली होती. दुपारी कामावरून धावत आला, भात त्यानं टाकला, अर्धाकच्चा उतरवला. पहिलं ताट बापापुढे ठेवलं. मोठ्या तुकड्या तिथे. चौघं भिंतीला टेकून बसले, बाप जेवायची वाट बघत. चाचा त्या ताटापुढे असे बसले होते, जसं सोयरिकीला गेल्यावर परक्या घरी बसावं. दोन घास घेतले आणि म्हणाले, पोट भरलं. पोरं उरलेलं खाऊन, उशीर झाला म्हणून, पळत गेली. असं तीन दिवस चाललं. चाचांनी कढईला हात लावला की युसुफ “बाबा, तुमी बसा” म्हणे. त्या घरातली सगळी बोलणी थांबली. चौथ्या दिवशी युसुफ माझ्याजवळ आला. “गुरुजी, तुमी बरोबर बोललात. बाबांना इथे ठेवणं बरं नाय. तुमची बोट हाय, सोबत हाय. त्यांना घरी घेऊन जा. मी तिथे बाई लावतो रांधायला.”

मी म्हणालो, “अरे, मी तसं नव्हतं म्हटलं.” पण खरं सांगू? आत कुठेतरी बरं वाटलं. पोरगा अजून माझं ऐकतो म्हणून बरं वाटलं! ही लाज मला अजून गिळता येत नाही.

त्या संध्याकाळी चाचा मला खाडीकडे घेऊन गेले. भरती होती, होड्या वर आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. “गुरुजी, मला गावी कोण हाय? भिंती हायत. इथे चार पोरं येतात, भूक लागली म्हणून ओरडतात. तुमी एक शब्द टाका. तुमचा शब्द तो मोडणार नाय.”

“बघतो,” मी म्हणालो.

बघायचं काय होतं त्यात! दोन शब्द बोलायचे होते: मी चुकलो. ते सुद्धा चौघांसमोर, कारण बोललो होतो चौघांसमोर. परत जाताना मी मनात घोकत गेलो. दारात पोचलो, आत चौघं बसले होते, सगळ्यांनी उठून जागा दिली. आणि माझ्या तोंडून निघालं काय? “युसुफ, चाचांना आणखी थोडे दिवस राहू दे की. हवा मानवलीय त्यांना.”

“नको गुरुजी,” तो म्हणाला. “तुमी माझी लाज ठेवताव, मला कळतं. पण तुमी बोललात ते खरंच होतं.”

लतीफ माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. मी खोकलो, आणि पाणी मागितलं.

परतीची बोट

लँडरोव्हरनं देऱ्यापर्यंत आलो. या वेळी गाडी रुतली नाही आणि लतीफनं हानांच्या फौजेचं नाव काढलं नाही. अब्बासशेठ सोडायला आले, माझ्या गळ्यात हार घातला. युसुफ पडावातून बोटीपर्यंत आला. शिडी चढताना बापाच्या एकेका पावलाखाली त्यानं आपला तळहात धरला होता. वर येऊन त्यानं माझे पाय धरले. “तुमच्यामुळं डोळे उघडले, गुरुजी.” मग बापाच्या हातात एक डबा दिला, आणि उतरून गेला. पडाव लहान होत जाईपर्यंत चाचा कठड्याला धरून उभे होते.

हानांचा तो खोजा मला तेव्हा आठवला. त्याला मनाविरुद्ध पाठवलं तेव्हा तो निदान बजावून गेला होता, मी तुम्हाला महाग पडेन म्हणून. आणि पडलाही. चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी माझी वळकटी सावलीत ओढून दिली आणि विचारलं, “उलटी होते का तुमाला बोटीत? लिंबू आणलंय.”

दुपारी डेकवर बसलो. चाचांनी डबा उघडला. मासा युसुफनं स्वतः तळला होता, एका बाजूनं करपलेला. भात चिकट. चाचांनी तुकड्या निरखल्या, मधली सगळ्यात जाड उचलली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

“खावा. गेल्याबरोबर शाळा हाय तुमाला.”

मी म्हणालो, “हसनचाचा, मी चुकलो. तिथे बोलायला हवं होतं. माझी जीभ वळली नाही.”

ते मागे बघत होते, जिकडे किनारा होता तिकडे. आता किनारा दिसत नव्हता. “आता लतीफ आला असेल जेवायला,” ते म्हणाले. “तांदूळ कुणी धुतला असेल काय?”

“चाचा, आपण एकत्र जेवू. एका ताटात. तुम्ही आधी घ्या.”

“नाय, नाय,” त्यांनी डबा माझ्याकडे सारला. “तुमचं होऊ द्या आधी.”

आणि माझं जेवण होईपर्यंत ते थांबले.